म्हातारं हृदय, चिनी औषध आणि काकतालीय न्याय



तत्त्वज्ञानाचा माणूस बोलावलाय म्हटल्यावर गीता येणार, नाहीतर अमृतानुभव येणार, अशी संयोजकांची समजूत होती. त्यात त्यांची चूक नाही. आम्ही मात्र खिशातून एक पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, यावर बोलू द्या. गेल्या आषाढीला माउलींची पालखी इथे नातेपुत्यात मुक्कामाला आली, तेव्हा तळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टेबलापाशी हे पत्रक आमच्या हातात आलं. टेबलावर मनगटं पुढे करून म्हातारी माणसं उभी होती आणि एक तरुण प्रत्येकाच्या मनगटावर अंगठा दाबत होता.

पत्रकात लिहिलंय की चिनी वैद्यक पाच हजार वर्षांचं आहे. मनगटावरचे बिंदू दाबून आणि वनस्पतींची कॅप्सूल देऊन ते हृदयातले ब्लॉक मोकळे करतं. आणि ते निसर्गाचं असल्यामुळे साठीनंतर 'केमिकलच्या' गोळ्यांची गरज उरत नाही. आज आम्ही या पत्रकाचं परीक्षण करणार आहोत. आयुष्यभर पुस्तकांची परीक्षणं लिहिली. पण पुस्तक वाचून कोणी गोळ्या बंद करत नाही. पत्रक वाचून करतात.

हे आम्ही उंचावर बसून बोलत नाही आहोत. आमच्या हृदयात सात वर्षांपूर्वी एक स्टेंट बसला. डॉक्टरांनी पाच गोळ्या लिहून दिल्या, त्यातल्या दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या. वर्ष व्हायच्या आत एका हितचिंतकानं चूर्ण आणून दिलं. घेतलं, आणि आठवड्याभरात जिना चढताना दम लागेनासा झाला. मग आम्ही एक रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केली, डॉक्टरांना न विचारता. एकोणीस दिवस. एकोणिसावा हे आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्या मंडळींनी डबीतल्या गोळ्या मोजल्या आणि त्यानंतर घरात जे झालं ते व्याख्यानात सांगण्याजोगं नाही.

तीस वर्षं वर्गात आम्ही काकतालीय न्याय शिकवला. कावळा ताडावर बसायला आणि फळ गळायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फळ पाडलं असं ठरत नाही. वर्गात पोरं हसायची. स्वतःच्या छातीचा प्रश्न आला तेव्हा कावळाही आमचा आणि ताडही आमचा. दम कमी झाला तो स्टेंटनं, की रोज चालायला लागलो त्यानं, की चूर्णानं? तिन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या. आम्ही चूर्णाला श्रेय दिलं, कारण ते देणारा माणूस आमच्याशी अर्धा तास बोलला होता. या अर्ध्या तासाकडे आपण शेवटी परत येऊ.

आता चीनकडे. सोलापूर जिल्ह्यात बसून चीन आणि वैद्यक हे दोन शब्द एकत्र उच्चारले की एकच नाव पुढे येतं, ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०चा, सोलापूरचा. शिक्षण मुंबईला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएमच्या आवारात. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. १९४६ला शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. आमच्या पिढीला चीन पहिल्यांदा दिसला तो त्या पडद्यावर.

परवा कोणीतरी आम्हाला म्हणालं, 'चिनी औषधांचं आपल्याला काय नवीन, आपले कोटणीस तेच तर करत होते.' नाही हो. कोटणीस तिथे शस्त्रक्रिया करत होते. चिरफाड, टाके, गोळी काढणं. ते काही जडीबुटी घेऊन गेले नव्हते आणि तिकडून आणूनही दिल्या नाहीत. त्या पाचांपैकी कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू मात्र पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस परत चीनला गेले, सुया टोचण्याची विद्या शिकून आले आणि भारतात ॲक्युपंक्चर रुजलं ते त्यांच्यापासून. आपल्या महाराष्ट्रानं तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा वेगळा कायदाच केला. म्हणजे ही काही रस्त्यावरच्या टेबलापुरती गोष्ट नाही.

आणखी एक गंमत. कोटणीसांची समाधी आणि पुतळा ज्या शिजियाझुआंग शहरात आहे, त्याच शहरात आज हृदयाची दोन गाजलेली चिनी कॅप्सूल तयार होतात. त्यांच्याकडे थोड्या वेळात येऊ.

आधी 'पाच हजार वर्षं'. चिनी वैद्यकाचे जुने ग्रंथ खरोखर जुने आहेत, सुमारे दोन हजार वर्षांचे. पण आज 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून जे एकसंध शास्त्र दाखवलं जातं ते जुळवलेलं आहे, आणि फार अलीकडे. १९२९ साली तिथल्या सरकारपुढे ही वैद्यकी बंदच करून टाकण्याचा प्रस्ताव आला होता, वैद्यांनी शांघायला जमून तो हाणून पाडला. १९५६ साली नव्या राजवटीनं बीजिंग, शांघाय, ग्वांगझो आणि छंगदू इथे चार महाविद्यालयं काढली. अभ्यासक्रम म्हटला की पाठ्यपुस्तक लागतं आणि पाठ्यपुस्तक एकमेकांशी भांडणाऱ्या परंपरांना एका रांगेत उभं करतं. आपल्याकडे आयुर्वेदाचं तेच झालं. यात कमीपणा काही नाही. फक्त जी गोष्ट आपल्या हयातीत जुळवली गेली तिला पाच हजार वर्षांचा दाखला जोडू नये.

छातीच्या दुखण्याविषयी हे वैद्यक म्हणतं काय? दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा वैद्य झांग झोंगजिंग छातीतल्या अवरोधाला 'श्योंग-बी' म्हणतो. छातीतली ऊब क्षीण होते, गारठा आणि कफासारखं काही दाटतं आणि कळ पाठीपर्यंत जाते. वर्णन इतकं अचूक की ज्याला हा त्रास झालाय तो मान डोलावतो. औषध काय, तर पडवळाच्या कुळातलं एक फळ, कांद्या-लसणाच्या जातीचा एक कंद आणि धान्याची दारू. उतारवयाबद्दलचं त्यांचं निदान आणखी सुरेख आहे. मूळ रिकामं झालेलं आणि शेंड्यावर गर्दी झालेली, म्हणजे म्हाताऱ्या माणसात आतली शक्ती आटलेली असते आणि वर नको ते साचलेलं असतं. म्हणून वैद्यानं एका हातानं भरायचं, दुसऱ्या हातानं उपसायचं. आमचं स्वतःचं शरीर आम्हाला कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

पण थांबा. सुरेख आहे म्हणून खरं आहे का? दुखलं तर गर्दी वाढली, थकवा आला तर मूळ रिकामं झालं, बरं वाटलं तर समतोल आला आणि माणूस दगावला तर मूळच फार रिकामं होतं. ज्या स्पष्टीकरणाला कुठलीच घटना अडचणीत आणू शकत नाही ते स्पष्टीकरण आपल्याला काही सांगत नसतं. हे आम्ही चिन्यांनाच लावतो असं समजू नका. 'तुमचा वात वाढलाय' हे वाक्य आम्ही बऱ्याच वेगवेगळ्या दुखण्यांसाठी ऐकलंय.

आणि इथे एक शब्दाची चलाखी होते, तिच्याकडे आमचं लक्ष जास्त आहे, कारण शब्द हा आमचा धंदा. चिनी वैद्यकात 'श्युए-यू' अशी कल्पना आहे. रक्ताचं वाहणं मंदावणं, साचणं. १८३० साली वांग छिंगरेन नावाच्या वैद्यानं तिच्यावर पुस्तक लिहिलं. मोठा धीट माणूस. साथीत दगावलेल्या मुलांची उघड्यावर पडलेली प्रेतं जाऊन पाहिली आणि जुन्या ग्रंथांतली शरीराची चित्रं चुकीची आहेत असं लिहून टाकलं. पुढे १९६०–७०च्या दशकांत बीजिंगच्या शियुआन रुग्णालयात छेन केजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रक्त साचण्याची कल्पना हृदयविकाराला लावली. तोवर ठीक. पण आता मराठीत या. आपल्याकडे अँजिओग्राफी झालेला प्रत्येक माणूस म्हणतो, 'मला दोन ब्लॉक आहेत.' पत्रकवाला म्हणतो, 'आम्ही साचलेलं मोकळं करतो.' ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. तसं नाही. रोहिणीच्या भिंतीत वर्षानुवर्षं बसलेला चरबीचा आणि चुन्याचा थर ही एक गोष्ट. निळसर जीभ, टोचल्यासारखी कळ आणि अडखळती नाडी पाहून वैद्यानं काढलेलं अनुमान ही दुसरी. दोघांना एक नाव मिळालं म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला लागू होत नाही. न्यायशास्त्रात याला छल म्हणतात. शब्द तोच ठेवायचा आणि अर्थ गुपचूप बदलायचा.

मनगटावर अंगठा दाबणाऱ्या त्या तरुणाचंही हेच. त्या बिंदूवर आणि त्याच्या शेजारच्या एका बिंदूवर सुया टोचून चीनमध्ये एक नीट चाचणी झालेली आहे, ४०४ रुग्णांवर, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. श्रम केल्यावर छातीत दुखणाऱ्यांचे झटके खऱ्या सुयांनी खोट्या सुयांपेक्षा कमी झाले. आम्हाला ते पटतं. पण हे सगळे रुग्ण आपली नेहमीची औषधं घेत होते, आणि कमी झाली ती वेदना. ब्लॉक मोकळा झाला असं त्या संशोधकांनी कुठेही म्हटलेलं नाही. ते आपल्या पालखी तळावर म्हटलं गेलं.

आता ती शिजियाझुआंगची कॅप्सूल. पहिलीचं नाव थोंगशिनलुओ. ३,७७७ रुग्ण, सगळे नुकताच मोठा हृदयविकाराचा झटका आलेले. अर्ध्यांना खरी कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारखं काही मोठं झालं ते पोकळवाल्यांत ५.२ टक्के आणि कॅप्सूलवाल्यांत ३.४ टक्के. २०२३ साली अमेरिकेतल्या प्रतिष्ठित नियतकालिकात हे छापून आलं. दुसरं छिली छियांगशिन. हृदयाचा पंप थकलेल्या तीन हजारांवर रुग्णांना दिलं. हृदयविकारानं मृत्यू किंवा त्रास वाढून पुन्हा भरती होणं याचं प्रमाण ३०.०३ टक्क्यांवरून २५.०२ टक्क्यांवर आलं. हे २०२४चं.

आमच्या ओळखीचे काही बुद्धिवादी मित्र हे आकडे ऐकले की कान झाकतात. ते आम्हाला मान्य नाही. चाचणी झाली, आकडा आला, तो आपल्या मताविरुद्ध गेला म्हणून फेकून द्यायचा नसतो. पण आकडा वाचायचा मात्र पुरता. दोन्ही चाचण्यांत प्रत्येक रुग्णाला आधुनिक उपचार पूर्ण मिळत होते. कॅप्सूल त्यांच्या भरीला होती. गोळ्यांच्या जागी ती दिलीच गेली नाही, त्यामुळे 'गोळ्यांची गरज नाही' हे वाक्य या दोन्ही चाचण्यांमधून कुठल्याही वाटेनं निघत नाही. दुसरं, दोन्हींतल्या रुग्णांचं सरासरी वय साठीच्या आसपास. पंचाहत्तरीतल्या, मूत्रपिंड मंदावलेल्या, मधुमेह असलेल्या, सात गोळ्या घेणाऱ्या माणसाला यावरून थेट काही सांगता येत नाही. आणि बनवणारी कंपनी दोन्हींची एकच. तेवढ्यानं निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कोणीतरी तो पुन्हा करून दाखवेपर्यंत आम्ही वाट पाहू.

शिवाय आत काय आहे? दुसऱ्या कॅप्सूलमध्ये अकरा घटक आहेत. त्यात एक साल अशी आहे की तिच्यात हृदयाचा ठोका जोरकस करणारी द्रव्यं असतात, आपल्या बिट्टीच्या, पिवळ्या कण्हेरीच्या बीमध्ये असतात त्या जातीची. लहानपणी बिट्ट्यांनी आपण सगळेच खेळलोय आणि 'तोंडात घालू नको' म्हणून पाठीत धपाटेही खाल्लेत. मग प्रश्न असा की गुण आला तो अकरांच्या समतोलाचा, की एका सालीतल्या जुन्या ओळखीच्या द्रव्याचा? आणि त्या पहिल्या कॅप्सूलमध्ये जळू, विंचू, गोम आणि सिकाडा नावाच्या किड्याची कात आहे. 'वनस्पतींची कॅप्सूल' म्हणून पत्रक वाटणाऱ्यांनी निदान माळकऱ्यांना एवढं तरी सांगायला हवं होतं.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत आदरणीय वाटली ती तिसरीच चाचणी, जिचं नाव पत्रकं घेत नाहीत. शशियांग बाओशिन नावाची गोळी चीनमध्ये कित्येकांच्या खिशात असते. कस्तुरी, गोरोचन आणि आणखी बरंच. आपल्याकडे जुन्या घरांत म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडखळला की हेमगर्भाची मात्रा उगाळून मधातून चाटवत, तिची आठवण व्हावी अशी. २,६७४ रुग्ण, ९७ रुग्णालयं, दोन वर्षं. मोठ्या घटना गोळीवाल्यांत १.९ टक्के, पोकळवाल्यांत २.७ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो असं गणित निघालं, आणि संशोधकांनी तसं लिहिलं. ज्या औषधावर लोकांची इतकी श्रद्धा त्याला नापास होण्याची संधी दिली आणि निकाल लपवला नाही.

हे 'नापास होण्याची संधी देणं' आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही, आणि इथे आम्हाला केईएमकडे परत जायचंय. कोटणीस ज्या आवारात शिकले तिथेच डॉ. रुस्तम जाल वकील हृदयविकाराचे रुग्ण पाहत. सर्पगंधेचं मूळ वैद्य लोक पिढ्यान् पिढ्या वापरत आले होते, वेडावर, झोपेवर, साप चावल्यावर. बंगालमध्ये सेन आणि बोस यांनी १९३१ साली ते रक्तदाबावरही लिहिलं होतं. वकिलांनी ५० रुग्ण घेतले, मुळाच्या गोळ्या दिल्या, दाब मोजले, मांडून ठेवले आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. आजच्या मापानं चाचणी छोटीच. पण बॉस्टनच्या डॉक्टरांनी ती वाचली आणि मुळं मागवून स्वतः करून पाहिली. १९५२ला मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ला वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं.

आता म्हातारपणाशी याचा संबंध बघा. १९९१ साली अमेरिकेत ६० वर्षांवरच्या ४,७३६ लोकांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तोवर पुष्कळ डॉक्टर म्हणत की वय झालं की वरचा दाब वाढणारच, त्याला औषध कशाला. या चाचणीत आधी लघवी वाढवणारी गोळी, तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरी, आणि ती दुसरी काही रुग्णांत रेसर्पिनच होती. पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. या सभागृहात जे कोणी सत्तरीनंतरही दाबाची गोळी घेतात, त्यांच्या गोळीमागे हा निकाल आहे आणि त्या निकालाच्या एका कोपऱ्यात आपलं सर्पगंधेचं मूळ आहे. सर्पगंधा चालली ती जुनी म्हणून नाही. तिचेही दोष निघाले, मनावर उदासी येते अशी तक्रार झाली आणि चांगली औषधं आल्यावर ती मागे पडली. मागे पडता येणं हीसुद्धा औषधाची एक पात्रताच आहे. पत्रकातली औषधं कधी मागे पडत नाहीत.

आपण अभिमान सर्पगंधेचा बाळगला आणि वकिलांची वही विसरलो. अर्जुनाची गोष्ट घ्या. अर्जुनसाल दुधात उकळून हृदयरोगावर द्यावी हे अकराव्या शतकातल्या चक्रदत्तापासून सांगितलं जातं. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय अगदी थकलेल्या रुग्णांवर नीट आंधळी चाचणी केली आणि फायदा दिसला. रुग्ण किती? बारा. त्यानंतर दिल्लीच्या एम्समध्ये मोठी चाचणी झाली, त्यात बारा आठवड्यांनी हृदयाच्या पंपाच्या ताकदीत फरक पडला नाही. बाजारात कुठली चाचणी सांगितली जाते ते तुम्हीच ओळखा. आणि चरकाचं नाव घेणाऱ्यांना आम्ही नम्रपणे आठवण करून देतो की चरकानं प्रमाणांत नुसतं आप्तवचन ठेवलेलं नाही, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्तीही ठेवलीय. आणि जे आरोग्य देतं तेच खरं औषध, असं तोच म्हणतो. जे जुनं ते औषध असं म्हणत नाही.

'निसर्गाचं म्हणून निरुपद्रवी' यावर फार वेळ घालवायला नको. बचनाग निसर्गाचाच आहे, चिनी वैद्यकातही त्याचा भाऊबंद हृदयासाठी वापरतात, आणि शोधन नीट झालं नाही तर ठोक्याची लय बिघडवून माणूस मारतो. दानशेन नावाचं तांबडं मूळ वॉर्फरिनबरोबर घेतलं की रक्त नको इतकं पातळ होतं. पण आमची खरी काळजी ज्येष्ठमधाची आहे, कारण ते आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. भजनानंतर घसा बसला की काडी चघळायची. तेच ज्येष्ठमध चिन्यांच्या एका प्रसिद्ध काढ्यात मुख्य घटक आहे आणि तो काढा दिला जातो कशावर, तर चुकणाऱ्या ठोक्यांवर. आता गंमत अशी की ज्येष्ठमध भरपूर आणि रोज घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, दाब वाढवतं आणि पोटॅशियम घालवतं. पोटॅशियम उतरलं की ठोका चुकतो. लघवीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं पोटॅशियम आधीच कमी झालेलं असू शकतं. तिशीतल्या माणसाला जे पचतं ते सत्तरीत पचेलच असं नाही. मूत्रपिंडं तीच राहत नाहीत.

आता जे सांगायला आम्ही टाळत होतो ते. आमचे एक स्नेही होते, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांचंही हृदयाचं दुखणं होतं, त्यांच्याही डबीत तशाच गोळ्या होत्या. आम्ही त्या एकोणीस दिवसांत एकदा त्यांच्या ओट्यावर बसून म्हणालो होतो, 'आम्ही एक बंद केली बघा, काही झालं नाही.' नंतर आम्ही आमची गोळी परत सुरू केली. ते मात्र त्यांना जाऊन सांगायचं राहिलं. त्यांनी आमचं वाक्य जपून ठेवलं होतं आणि सगळ्याच गोळ्या बंद करून काढा धरला होता, हे आम्हाला त्यांच्या दहाव्याला त्यांच्या मुलाकडून कळलं. 'सरांनी पण सोडली होती' असं ते घरात सांगायचे.

गोळ्या चालू असत्या तर गुरुजी वाचले असते, असं आम्ही सिद्ध करू शकत नाही. गोळ्या घेणारेही जातात. इथेही कावळा आणि फळ असू शकतं, आणि तर्क आम्हाला ही पळवाट देतो. पण 'काही झालं नाही' हे आमचं वाक्य पुरावा म्हणून वापरलं गेलं, एका माणसाचा, एकोणीस दिवसांचा पुरावा, आणि तो देणारा डॉक्टरेट घेतलेला होता. पत्रकावरही शेवटी असेच सात-आठ अनुभव छापलेत. प्रत्येक अनुभव खरा असेल. ज्यांचं काही बरं झालं नाही त्यांनी पत्रकवाल्याला फोन करून कळवलेलं नसतं.

१७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिलं. औषध मूळचं एका म्हातारीच्या घरगुती काढ्यातलं, वीसेक वनस्पतींच्या मिश्रणातलं. त्यानं त्यातली एक ओळखली, आणि पुस्तकात गुण आलेले रुग्ण तर लिहिलेच, पण न आलेले आणि दगावलेलेही लिहिले. म्हातारीचा काढा चुलीवरून औषधालयात गेला तो या नोंदींच्या बळावर.

तर तो अर्धा तास. पत्रकवाल्याच्या टेबलापाशी लोक उभे राहतात, याचं कारण काय? तो तरुण प्रत्येकाचा हात हातात घेत होता. झोप लागते का, मुलगा कुठं असतो, जेवण जातं का, असं विचारत होता. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहतो. ती नाडी काय सांगते याबद्दल आम्हाला शंका आहे. पण तेवढा वेळ कोणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन बसलंय याबद्दल रुग्णाला शंका नसते. तालुक्याच्या गावी जाऊन, तीन तास बाकावर बसून, दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुठली गोळी कशासाठी हे कोणीच सांगितलेलं नसतं. जी गोळी कशासाठी आहे हे माहीत नाही ती सोडायला काय लागतं? आधुनिक वैद्यकावर आमची टीका आहे ती एवढीच, आणि ती पत्रकावरच्या टीकेहून लहान नाही.

एवढं बोलून आम्ही थांबलो, तेव्हा मागून एका आजींनी हात वर केला. ते व्याख्यान उतरवून काढताना इथे जोडत आहोत.

'सर, मी रोज अर्जुनाचा काढा घेते, दुधातनं. सोडू का?'

आम्ही म्हटलं, 'आजी, ते आम्हाला विचारू नका. मागं एकदा आम्ही ओट्यावर बसून असं सांगितलंय, त्याचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत. काढ्याचं पुडकं आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढं ठेवा. पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी कधी झाली होती ते विचारा.'

'डॉक्टर वरडत्यात,' आजी म्हणाल्या. सगळे हसले.

'वरडू द्या. पण काढा लपवू नका.'

नंतर चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. पिशवी बरोबरच होती. आत पाच पट्ट्या होत्या. आमचा चष्मा घरी राहिला होता म्हणून शेजारच्या औषध दुकानदारांना वाचायला दिल्या. त्यांनी दोन पट्ट्या बाजूला काढल्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच. आजी दोन्ही घेत होत्या, सकाळी एक आणि रात्री एक, पाच महिने.